निळीचा डाग

दत्तू, तुझ्या तेराव्याला मी जेवायला थांबलो नाही. तुझ्या थोरल्या बंधूंनी, अण्णांनी, दोनदा दंडाला धरून पाटावर बसवायचा प्रयत्न केला, पण पानात जिलबी दिसली आणि मी उठलो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू म्हणाला होतास, "बापू, हा तुमचा सर्जन माझं अर्धं पोट काढणार. यापुढे माझ्या पानात एकच जिलबी, बाकीच्या तुला." तुझ्या वाटणीची जिलबी तुझ्याच तेराव्याला खाण्याइतका मी निगरगट्ट नाही. दवाखान्यात पेशंट खोळंबलेत अशी थाप मारून मी निघालो.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत. माझा तुझ्यावर राग आहे आणि तो तुला ऐकावा लागेल, कारण आयुष्यात पहिल्यांदाच मला मध्येच तोडायला तू समोर नाहीस. तू खोटं बोललास, आणि त्या खोट्याचं ओझं वहिनींच्या डोक्यावर ठेवून निघून गेलास. त्यांना खरं सांगून ते उतरवायचं की तुझी अब्रू राखून गप्प बसायचं, हे ठरवायला तू मला एकट्याला मागे ठेवलंस. काल अखेर मी तुझ्या घरी गेलो होतो. काय झालं ते सांगतो, पण आधी मला भांडून घेऊ दे.

तू खोटं बोलण्यात वाकबगार होतास हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी डोंबिवलीत दवाखाना थाटला तेव्हा सुरुवातीला तिथे चिटपाखरूही फिरकत नव्हतं. तू कोर्टातून रजा काढलीस आणि माझ्या बाकावर येऊन बसलास. डोक्याला मफलर, हातात औषधाची रिकामी बाटली आणि रस्त्यावरच्या माणसाने आत डोकावून बघावं असा खोकला. "एक पेशंट बसलेला दिसला की दुसरा येतो. रिकाम्या देवळात कोणी जात नाही," असं तू मला बजावलंस. दुपारपर्यंत मानपाड्याहून एक गळूवाला आला, मग दोन लेकुरवाळ्या बायका आल्या. संध्याकाळी तू विचारलंस, "डॉक्टर, माझ्या खोकल्याचं निदान काय?" मी म्हटलं, "नाटकीपणा. औषध नाही." आज माझ्या दवाखान्यात बसायला जागा नसते. त्या गर्दीतला पहिला माणूस तू होतास, आणि त्याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत.

ठाण्याच्या कोर्टात तू न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसून साक्षी लिहून घ्यायचास. इतकी वर्षं लोकांचं खोटं ऐकून तुझा कान तयार झाला होता. "खोटा साक्षीदार जरुरीपेक्षा जास्त तपशील देतो, आणि मध्येच हसतो," हे तुझं ठरलेलं वाक्य. टेंभी नाक्यावरच्या त्या कोंदट हॉटेलात चहा पिताना आपला एकच वाद वर्षानुवर्षं चालला. मी म्हणायचो, रोग्याला सगळं सांगू नये, त्याचा धीर खचतो. तू म्हणायचास, "आरोपीलासुद्धा आरोप वाचून दाखवतात. रोग्याने काय घोडं मारलंय?" मी चिडायचो, तू आणखी एक चहा मागवायचास. तो वाद काही मिटला नाही.

मग तुझाच घास छातीत अडकायला लागला. आधी भाकरी, मग पोळी, मग मऊ भातसुद्धा. कोर्टातला काळा कोट खुंटीला टांगल्यासारखा तुझ्या अंगावर लोंबायला लागला. एक्स-रेचा फोटो काढला तेव्हा जठराच्या अगदी वरच्या तोंडाशी, जिथे अन्ननलिका येऊन मिळते तिथे, गाठ दिसली. अण्णांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्याला अल्सर म्हणून सांगा. कर्करोग हा शब्द काढू नका." सगळी घरं तेच सांगतात. मी मात्र तुला तलावपाळीवर नेलं आणि तुझ्या तत्त्वाला जागून खरं काय ते सांगितलं. तू एक खडा उचलून पाण्यात टाकलास. मग म्हणालास, "आरोप वाचून दाखवल्याबद्दल आभारी आहे. आता खटला चालवा."

म्हणून मला जास्त लागलं, दत्तू. मी तुझ्याशी खरं बोललो होतो.

ऑपरेशन चांगलं झालं. सर्जन विलायतेला शिकून आलेले, मोजकं बोलणारे. गाठीसकट जठराचा वरचा भाग त्यांनी काढला आणि उरलेलं जठर वर ओढून अन्ननलिकेला शिवलं. हात धुता धुता ते मला म्हणाले, "शिवण घालणं मी शिकलोय. ती आतमध्ये टिकली आहे की उसवली आहे, हे बाहेरून ओळखणं अजून कोणालाच नीट येत नाही." मी डोंबिवलीचा साधा डॉक्टर. खोकला, हगवण, हिवताप बघणारा. पण त्या दिवसांत तुझ्या खाटेशी बसून मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकलो.

शिवण गळायला लागली तर आतलं अन्नपाणी झिरपून पोटात किंवा छातीत विष पसरतं, आणि माणसाला ते लगेच कळतंच असं नाही. ते म्हणायचे, आधी नाडी बोलते. ताप नसतो, दुखत नसतं, पण नाडी पळायला लागते. मग धाप, उचकी, उगाचची तगमग, डाव्या खांद्यात कळ. यातलं कुठलंही एक लक्षण दुसऱ्या दहा कारणांनी येतं. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या माणसाला थोडी धाप लागणारच, थोडा ताप येणारच. त्या नेहमीच्या गलबल्यातून हे वेगळं कसं काढायचं? खांद्याचं ऐकून तू विचारलंस, "बिघाड पोटात आणि दुखणार खांदा?" सर्जननी सांगितलं, छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याची आणि खांद्याची नस एकच. "म्हणजे गुन्हा ठाण्यात आणि अटक कल्याणात," तू म्हणालास. तो अबोल माणूससुद्धा हसला.

आणि शेवटची परीक्षा होती ती निळ्या औषधाची. गडद निळा रंग पाण्यातून प्यायला द्यायचा. शिवण धड असेल तर तो खाली आतड्यात निघून जातो. फुटली असेल तर बरगडीखाली ठेवलेल्या रबरी नळीवाटे बाहेर येतो आणि नळीभोवतीच्या कापसावर उमटतो. इतकी साधी गोष्ट.

तुझ्या शेजारच्या खाटेवर चेंदणीचा काशिनाथ कोळी होता. त्याचा अल्सर फुटला होता आणि तो शिवला होता. जन्मात मासा तोंडात न घातलेला तू त्याच्याकडून खाडीच्या चिखलातला निवट्या कसा पकडायचा ते तासन् तास ऐकत होतास. त्याची शिवण गळली. ते उशिरा कळलं, त्याला पुन्हा उघडला, आणि त्यानंतर तो जे जगला त्याला जगणं म्हणवत नव्हतं. चारी बाजूंनी नळ्या, जखम उघडी, घसा इतका सुकलेला की हाक मारता येईना. त्याची बायको खाटेच्या पायथ्याशी बसून असायची. तो गेला तेव्हा मला म्हणाली, "पुन्ना फारला त्याला, डागदरबाबा. फारून काय भेटला?" तू कूस बदललीस आणि भिंतीकडे तोंड केलंस. मी तुला समजावलं होतं की काशिनाथ दुसऱ्यांदा उघडला म्हणून गेला नाही, उशिरा उघडला म्हणून गेला. तू मान डोलावलीस. तू मान डोलावलीस म्हणजे तुला पटलं असं मी समजलो.

आता निळीचं. इस्पितळात पोटाला बांधायचे पट्टे कमी पडतात, म्हणून घरच्यांना सांगतात, जुनं मऊ धोतर फाडून रुंद पट्टे करून आणा. वहिनींच्या हातची तुझी धोतरं म्हणजे गल्लीचा विषय. नवरे ती दोरीवरची धोतरं दाखवून आपापल्या बायकांना टोमणे मारायचे आणि बायका वहिनींवर खार खायच्या. त्या माउलीने पट्टे उकळले, आणि शेवटच्या पाण्यात सवयीने नीळ घातली. चारचौघांच्या वॉर्डात नवऱ्याच्या अंगाला पिवळट कापड कसं पाठवायचं? डोंबिवलीतल्या कुठल्याही घरात हेच झालं असतं.

एकदा मी असतानाच सिस्टरनी तुझा पट्टा सोडला, तर घामाने ओल्या झालेल्या कापसावर निळसर झाक. अजून रंग पाजलाच नव्हता, तरी त्या दचकल्या. मग उलगडा झाला. पट्टा भिजला की नीळ उतरते. सगळा वॉर्ड हसला, वहिनी लाजून पदराने तोंड झाकायला लागल्या. ती खरोखर नीळच होती. फिकट, आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी.

इस्पितळात दुसरे पट्टे नव्हते, म्हणून तेच चालू राहिले. त्यानंतर तुझी नाडी वाढली. सर्जननी संध्याकाळी रंग पाजला आणि सकाळी कापूस बघायला सांगितलं. मी त्या वेळी डोंबिवलीत घटसर्पाच्या एका पोराशी झगडत होतो, म्हणून पुढचं मला सिस्टरनी नंतर रडत रडत सांगितलं. सकाळी त्यांनी पट्टा सोडला. नळीच्या तोंडाशी रुपयाएवढा गडद डाग होता. त्या काही बोलणार त्याच्या आधी तू हसलास. "सिस्टर, पुन्हा आमच्या घरची नीळ! आमच्या मंडळींचा हात निळीला फार सैल. परवा पाहिलीत ना तुम्ही? आणि आज तर मला घामही फार आला होता, म्हणून जास्त उतरली." वर हेही सांगितलंस की खांदा दुखतोय तो एका कुशीवर झोपल्यामुळे, रंगाचं पाणी फार कडू होतं, आणि आता तुला चहाची तल्लफ आली आहे.

जरुरीपेक्षा जास्त तपशील, आणि हसणं. तुझ्या कोर्टात असं कोणी बोललं असतं तर तू टाक खाली ठेवून न्यायाधीशांकडे बघितलं असतंस. त्या बिचारीला कसं कळावं? तिने नीळ आधी डोळ्यांनी पाहिलेली होती. तिने सर्जनना निरोप दिला, रंग आलेला नाही. वॉर्डात सगळ्यांना हायसं वाटलं. वहिनींनी मारुतीला नारळ बोलला.

दुपारी मी आलो. तू उशीला टेकून बसला होतास. चेहरा तुकतुकीत, डोळे जास्त चमकणारे. मनगट धरलं, तर नाडी पळत होती. "खांदा दुखतोय?" "छे." "धाप?" "तुला बघून लागली." मी सर्जनना बोलावून आणलं. त्यांनी तो पट्टा, कापूस, सगळं काढून फेकलं, इस्पितळाचा कोरा कापूस लावला आणि स्वतःच्या हाताने तुला पुन्हा रंग पाजला. आम्ही बघत उभे होतो. तू फुलपात्र परत देईपर्यंत कापूस निळा झाला होता.

दाराशी येऊन सर्जन हळू आवाजात म्हणाले, "सकाळीच कळायला हवं होतं. घरच्या निळीने घोटाळा केला." कोणाला दोष द्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण वहिनी दाराआड उभ्या होत्या, हातात दुसऱ्या दिवशीचे धुतलेले पट्टे घेऊन.

ते त्याही वेळी तुला उघडायला तयार होते. वाचेल असं सांगत नाही, म्हणाले, पण प्रयत्न करतो. सकाळी केला असता तर जास्त आशा होती, हेही म्हणाले. तू नको म्हणालास. अण्णांनी तुला विनवलं, मी तुला शिव्या घातल्या, तू नकोच म्हणालास. मग छातीत एक नळी घातली, पेनिसिलिन चालू ठेवलं, आणि वाट बघणं एवढंच आमच्या हातात राहिलं.

सगळे बाहेर गेल्यावर तू मला जवळ बोलावलंस. तुझा श्वास इतका उथळ चालला होता की दोन शब्दांनी थांबावं लागत होतं. "बापू, सकाळचा डाग निळीचा नव्हता. नीळ कापडभर असते. ती एका जागी येत नाही."

"तुला कळलं होतं?"

"उघडल्या उघडल्या."

"मग गाढवा, बोलला का नाहीस?"

तू शेजारच्या खाटेकडे बघितलंस. तिथे आता दुसरंच कोणी झोपलं होतं. "काशिनाथला पाहिलं ना," तू म्हणालास. मग माझा हात धरलास आणि "हिला..." एवढं म्हणालास. तेवढ्यात उचकी लागली. ती थांबेपर्यंत तुझी शुद्ध हरपत चालली होती, आणि पुढचा शब्द आलाच नाही.

हिला सांग? हिला सांगू नकोस? की हिला सांभाळ, एवढंच? इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं पुरी करून लिहिलीस तू, आणि स्वतःचं मात्र असं अर्धं टाकून गेलास.

तू गेल्यावर वहिनींनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता, "भाऊजी, मी पट्ट्यांना नीळ घातली नसती तर हे असते ना?" मी म्हटलं, तसं काही नसतं वहिनी, आजारच तसा होता. डॉक्टर लोक जे म्हणतात तेच. त्यांना ते पटलं नाही. मग समाचाराला येणाऱ्या प्रत्येकीला त्या स्वतःहून सांगत राहिल्या, माझ्या निळीने यांचा घात केला. आधी बायका नाही नाही म्हणायच्या. मग म्हणेनाशा झाल्या. एक म्हातारी तर जिन्यात दुसरीला सांगताना मी ऐकली, "पांढऱ्या कपड्याची फार मिजास होती हो." माझा हात शिवशिवला, दत्तू. वहिनी जेवत नाहीत. ताट पुढे आलं की दोन घास चिवडतात आणि उठतात. तुझं जे झालं ते झालं, पण ही बाई माझ्या डोळ्यांदेखत झिजायला लागली.

आणि तरी माझी जीभ उचलत नव्हती. काय सांगणार होतो? की तुमच्यावर आळ घेऊ नका, तुमचा नवरा जाणूनबुजून गेला? वाचायची थोडीफार वाट होती, ती त्याने हसत हसत बंद केली, आणि वर तुमचं नाव पुढे केलं? एका दुःखातून काढून दुसऱ्यात ढकलण्यासारखं ते. सगळी उमर रोग्याला खरं सांगू नये म्हणून मी तुझ्याशी भांडलो, आणि मरताना खरं दडवून तूच माझ्या बाजूला आलास. शेवटी मी तुझंच जुनं म्हणणं ऐकलं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला सगळा पुरावा दिसला पाहिजे.

काल दुपारी गेलो. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उंबऱ्याजवळ बसलो आणि काही न गाळता सांगितलं. डाग कसा होता, तू काय म्हणालास, मला नंतर काय कबूल केलंस, आणि कुठल्या शब्दावर अडलास.

 वहिनींच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग त्यांनी विचारलं, "हसून म्हणाले?"

"हो."

"माझा हात सैल आहे असं?"

"हो वहिनी."

मला वाटलं, आता रडतील. मीच सारवासारव करायला लागलो. म्हटलं, तुमच्यावर ढकलायचं त्याच्या मनात नव्हतं, तो फार घाबरला होता. दुसऱ्यांदा टेबलावर जायला नको होतं त्याला. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही गळ घातली असती, आणि तुम्हाला नाही म्हणणं त्याला जमलं नसतं.

"मी गळ घातली असती?" वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "भाऊजी, काशिनाथ गेला तेव्हा त्याच्या बायकोला मी धरून बसले होते. सगळं बघितलंय मी. हे नको म्हणाले असते तर मी हूं की चूं केलं नसतं. त्याच दिवशी घरी घेऊन आले असते. घाबरले होते तर मला सांगायचं होतं. दोघं मिळून घाबरलो असतो."

मग त्यांनी सूप खाली ठेवलं आणि त्या तुझ्यासाठी रडल्या, दत्तू. तू गेल्यापासून पहिल्यांदा.